परमुलखांतील बिऱ्हाड

मुंबईच्या उपनगरांत, विक्रोळी आणि कांजूरमार्ग यांच्या पश्चिमेस, डोंगरांच्या कुशींत पवईचा तलाव आहे. शहराला पाणी पुरवावें म्हणून तो १८९०-९१ च्या सुमारास बांधला गेला. पण पुढें त्याचें पाणी पिण्याच्या लायकीचें राहिलें नाहीं, आणि तलाव बराचसा शोभेपुरता उरला. त्याच्या कांठाला दुसरें महत्त्व आलें तें स्वातंत्र्यानंतर. १९५८ सालीं वरळीच्या एका इमारतींत सुरू झालेल्या तंत्रविद्येच्या संस्थेची, म्हणजे आजच्या आय. आय. टी. मुंबईची, कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं १० मार्च १९५९ रोजीं पवईस बसविली. संस्थेला युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएट संघराज्याचें साहाय्य होतें. १९५६ ते १९७३ या काळांत तिकडून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रसाहाय्यक येथें आले, आणि येथल्या अध्यापकांना तिकडे शिकण्यासाठीं २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. ज्या पवईहून पुढें कितीतरी तरुण परदेशीं गेले, ती पवई अशी आरंभापासूनच येण्याजाण्याची जागा होती. बर्फाच्या देशांतील प्राध्यापकाला येथल्या आषाढांत बिऱ्हाड थाटावें लागे, आणि येथल्या अध्यापकाला रशियाच्या हिवाळ्यांत.

आजहि पवईच्या वसतिगृहांतून आणि आसपासच्या घरांतून दर वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर पेट्या भरल्या जातात. तेवीस किलोंच्या मर्यादेंत मेतकूट किती, पुस्तकें किती, लोंकरीचे कपडे किती, यावर घरोघर खल होतो. पेटींत काय घालावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. पेटी रिकामी झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. गेलेला मुलगाहि बोलत नाहीं. घरच्यांनीं कर्ज काढलेलें असतें, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं पेढे खाल्लेले असतात. मग 'मला येथें करमत नाहीं' हें एवढ्या खटाटोपाचें उत्तर कसें द्यावें, असें त्याला वाटतें. तो फोनवर 'सगळें ठीक आहे' म्हणतो, आणि आईला त्याच्या आवाजावरून तें ठीक नाहीं हें कळतें.

हें न करमणें नव्या काळाचें दुखणें नव्हे. १६८८ सालीं बाझल येथें योहानेस होफर नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें घराच्या ओढीनें झुरणाऱ्या माणसांवर एक प्रबंध लिहिला, आणि परतणें व वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्या व्याधीसाठीं 'नॉस्टॅल्जिया' हें नांव बनविलें. आज हा शब्द गोड आठवणींना लावतात. होफरच्या लेखीं तो रीतसर रोग होता, आणि रोग्याला घरीं पाठविणें हाच त्यावरचा खरा उतारा होता. विसाव्या शतकांत मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनीं १९५४ सालीं रिओ दे जानेरो येथें दिलेल्या एका भाषणांत याच अवस्थेचें निराळें निदान केलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, माणूस आपल्या देशांत रोज शेंकडों बारीक खुणांच्या आधारानें वागत असतो. हात केव्हां जोडावे, केव्हां विनोद करावा, कोणत्या आमंत्रणाला खरें मानावें, हें तो विचार न करतां जाणतो. परदेशांत या खुणा एकदम नाहींशा होतात, आणि त्याला पाण्याबाहेर काढलेल्या माशाची कळा येते.

मराठी घरांतलें उदाहरण घ्यावयाचें तर आग्रहाचें घ्यावें. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणतो, तें नाकारण्यासाठीं नव्हे. यजमानानें आणखी दोनदां विचारावें ही त्यांतली बोली असते. परदेशचा यजमान पहिल्या 'नको'लाच प्रमाण मानून पातेलें उचलून नेतो. पाहुणा उपाशी राहतो आणि वर यजमानाला रुक्ष समजतो. यजमानाला तर आपण पाहुण्याच्या शब्दाचा मान राखला याचें समाधान असतें. दोघांचेंहि वागणें आपापल्या गांवीं निर्दोष आहे. अशा प्रसंगांत मोठें दुःख कोणतेंच नसतें, पण दिवसाला असे दहा प्रसंग आले म्हणजे संध्याकाळीं माणूस कारणावांचून थकतो.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनीं अमेरिकेंत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांची विचारपूस करून १९५५ सालीं असें दाखविलें कीं, सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले लोक तिकडे बरे रमले होते. मधल्या मुदतीचे लोक सर्वांत कमी. पुढच्या संशोधकांना या नियमाला पुष्कळ अपवाद सांपडले, तेव्हां हा हिशेब पंचांगासारखा मानण्याचें कारण नाहीं. तथापि पहिल्या उत्साहानंतर उतार येतो ही गोष्ट परदेशीं गेलेल्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. ज्याला ती आधीं ठाऊक असते, तो निदान त्या उताराला स्वतःची नालायकी समजत नाहीं.

परंतु या सगळ्या विवेचनांत मनाचाच विचार अधिक झाला आहे, आणि देहाचा कमी. मुंबईंत वर्षांतला लहानांत लहान दिवससुद्धां अकरा तासांच्या आसपास असतो. बॉस्टनमध्यें तो नऊ तासांवर येतो, आणि मॉस्कोंत सातांवर. डिसेंबरांत फिलाडेल्फियाचा सूर्य साडेचार-पावणेपांचला मावळतो. उजेड, ऊब आणि अन्न या तीन गोष्टी जेथें पालटतात, तेथें देहाला आपलें बिऱ्हाड नव्यानें मांडावें लागतें. आणि मनाचें बिऱ्हाड नीट लागलें म्हणून देहाचें आपोआप लागतें असें नाहीं. हा भेद आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्यांची कीर्ति पदवीमुळें आहे. त्या पदवीमागें एका परक्या शहरांत राहण्याची जी तीन वर्षें होतीं, त्यांचा विचार सहसा होत नाहीं.

कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मली. वयाच्या नवव्या वर्षीं तिचा विवाह टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला, आणि ती आनंदी झाली. पतीच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशीं बिऱ्हाडें झालीं. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें, आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखांतून झाला असें मानतात. गोपाळराव हट्टी होते, कित्येकदां कठोर होते. पण बायकोच्या शिक्षणाविषयीं त्यांचा ध्यास खरा होता. त्यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलें पत्र तिकडच्या एका मासिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सीमधील रोझेल या गांवच्या कार्पेंटरबाईंनीं १८८० सालीं दंतवैद्याकडे खोळंबल्या असतां वाचलें, आणि अनोळखी मुलीला पत्र घातलें.

येथें जें घडलें तें परदेशीं जाणाऱ्या प्रत्येकानें लक्षांत घेण्यासारखें आहे. आनंदीबाई गेल्या १८८३ सालीं, पण त्यांचें अमेरिकेंतलें घर त्यापूर्वी तीन वर्षें टपालानें बांधलें जात होतें. पत्राचें उत्तर यायला महिने लागत. त्या पत्रांतून त्यांनीं आपल्याकडील चालीरीति, सण, पोषाख, मुलींचीं लग्नें यांविषयीं लिहिलें; कार्पेंटरबाईंनीं त्यांच्या दुखण्यांची चौकशी करून तिकडून औषधें पाठविलीं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. नातें आधीं जुळलें, शहर नंतर दिसलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोंचल्या, तेव्हां धक्क्यावर न्यावयास मावशी आलेल्या होत्या. अठरा वर्षांची एक मराठी मुलगी पतीवांचून, आप्तांवांचून दोन महिन्यांचा प्रवास करून उतरते आणि तिला घेण्यास घरचें माणूस येतें, ही सोय आजच्या विमानतळावरहि सर्वांना लाभत नाहीं.

निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथें फेब्रुवारी १८८३ मध्यें केलेल्या भाषणांत त्यांनीं आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं असें जाहीर सांगितलें होतें. हें वचन सभेंत देणें सोपें. रोजच्या ताटांत आणि रोजच्या नेसण्यांत पाळणें अवघड. त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. लुगडें सोडलें नाहीं. नऊवारी नेसण्यांत पोटऱ्या आणि कमरेचा भाग उघडा राही. तिकडच्या थंडींत तें सोसेना. तेव्हां बराच विचार करून त्यांनीं गुजराती पद्धतीचें अंगभर नेसणें स्वीकारलें. बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल. लुगडें तेंच, वळण निराळें. पण परमुलखांत माणूस आपलें काय राखतो आणि काय सोडतो याचा हा अत्यंत शहाणा नमुना आहे: पोषाख आपलाच ठेवला, आणि थंडीचेंहि ऐकलें.

रोझेलचा उन्हाळा सुखाचा गेला. मावशीच्या घरांत मुलें होतीं, बाग होती, चूल होती, आणि यजमानांना व त्यांच्या पाहुण्यांना आपल्या पद्धतीचें जेवण करून वाढण्याची मोकळीक होती. ज्या घरांत पाहुण्याला रांधूं देतात तेथें तो पाहुणा राहत नाहीं. ऑक्टोबरांत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. १८५० सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या डीन रेचेल बॉडली यांनीं त्यांना तीन वर्षांसाठीं सहाशें डॉलरची शिष्यवृत्ति दिली, आणि पुढें मायाहि लावली. मनाला लागणारें सगळें होतें: मावशी, गुरु, अभ्यास, ध्येय. नव्हती ती एक नीट तापणारी खोली. चरित्रकारांनीं लिहिलें आहे कीं, त्यांच्या खोलींतली शेगडी धूर ओके. ती पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. जी मुलगी सर्व महाराष्ट्राचा विरोध पचवून आली तिला दोन वर्षें एका धुराड्याशीं झुंजावें लागलें. भोवतालच्या बाजारांत तिच्या पथ्याचें अन्न फार थोडें. मुळांतच नाजूक असलेली प्रकृति अशांत ढासळत गेली. मध्यंतरीं घटसर्प झाला, आणि पुढें क्षयानें गांठलें.

त्या काळांत तिकडे जो कोणी परका येई तो आपल्या तऱ्हेवाईकपणासाठीं आधीं पाहिला जाई, मग ऐकला जाई. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोषाखांत आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, आणि दमास्कसच्या सबात इस्लाम्बुली. तिघींच्या भाषा निराळ्या, धर्म निराळे, लिपी निराळ्या. छायाचित्र काढणाऱ्याच्या मनांत नवलाईच अधिक असेल. परंतु त्या शहरांत या तिघींना एकमेकींचा आधार कोणत्या प्रकारचा वाटत असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. 'तुम्ही हें असें कां नेसतां' हा प्रश्न जिला रोज ऐकावा लागतो, तिला तोच प्रश्न ऐकणारी दुसरी भेटली म्हणजे अर्धें ओझें उतरतें. परमुलखांत पहिली मैत्री पुष्कळदां अशीच दुसऱ्या परक्याशीं होते. पवईहून गेलेल्या मुलांनाहि हा अनुभव नवा नाहीं. पहिल्या वर्षीं त्यांना जवळचा वाटतो तो ब्राझीलचा किंवा कोरियाचा खोलीसोबती.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. गोपाळराव आदल्या वर्षींच तिकडे पोंचले होते, आणि पंडिता रमाबाई या समारंभासाठीं इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता; म्हणजे तीन वर्षें जें शिकल्या तें त्यांनीं घराकडे तोंड करून शिकलें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या शरद ऋतूंत त्या निघाल्या, नोव्हेंबरांत मुंबईस उतरल्या, आणि कोल्हापूरला रुजू न होतांच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. बावीस वर्षें पुरीं व्हावयास महिनाभर उरला होता. आजारपणाचें मूळ हिंदुस्थानांतच होतें, हें खरें. तरी फिलाडेल्फियाच्या खोलीनें त्याला खतपाणी घातलें यांत संशय नाहीं. 'मनानें खंबीर असलें म्हणजे सर्व निभतें' असें सांगणाऱ्यांनीं या चरित्राकडे पुन्हां एकदां पाहावें.

याच्या अगदीं उलट तऱ्हा धर्मानंद कोसंबी यांची. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या या गृहस्थाला परकेपणाची संवय हार्वर्डला जाण्यापूर्वींच झाली होती. १८९९ सालीं घर सोडून ते पुण्यास आले. तेथून काशीस, मग नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. काशीला अन्नछत्रांत जेवून त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला. ज्याला आपल्याच देशांत परक्या पंक्तींत बसण्याचा सराव झाला, त्याला केंब्रिज गांवांतली थंडी आणि पाव जड गेला नसावा. १९१० सालीं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठीं त्यांना तिकडे बोलावलें गेलें. देहाचें बिऱ्हाड लागलें, पण कामाचें बिनसलें: संपादनाचें श्रेय कोणाचें यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशीं मतभेद झाला, आणि १९१२ सालीं ते परतले. पुढें पुन्हां जाऊनहि तो वाद मिटला नाहीं. ग्रंथ हार्वर्डनें छापला तो १९५० सालीं, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनीं. आपल्या श्रमांवर आपलें नांव असावें एवढी साधी गोष्ट जेथें मिळत नाहीं, तेथें ऊब आणि अन्न असूनहि माणूस पाहुणाच राहतो.

१९१८ सालीं ते दुसऱ्यांदा गेले तेव्हां मुलगा दामोदर आणि मुलगी माणिक यांना त्यांनीं बरोबर नेलें. दामोदर तेव्हां अकरा वर्षांचा होता. मुलांना नवें गांव किती लवकर आपलें होतें याचें हें ठळक उदाहरण: केंब्रिजच्या शाळेंत शिकून तो पुढें १९२९ सालीं हार्वर्डचा पदवीधर झाला. वडील ज्या गांवीं ग्रंथासाठीं राहत, त्याच गांवीं मुलाचें बालपण गेलें. मुलांच्या या वेगाचें कौतुक होतें. पण घरांत त्यामुळें एक नवीनच अंतर पडतें. आईबाप अजून उच्चार तपासून बोलत असतात, आणि मुलें त्या भाषेंत भांडूं लागलेलीं असतात.

एकट्यादुकट्यानें गेलेल्यांची ही अडचण पाहूनच मंडळें निघालीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें, आणि उत्तर अमेरिकेंतील मंडळांना एकत्र बांधणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचें. गणपति, दिवाळीचा फराळ, एखादें नाटक, मुलांसाठीं मराठीची शाळा, यांनीं माणसाचें निम्में अवघडलेपण जातें हें निर्विवाद. धोका एवढाच कीं, कांहीं जण सोमवार ते शुक्रवार त्या शहरांत केवळ नोकरीपुरते श्वास घेतात आणि खरें जगणें शनिवारच्या मंडळासाठीं राखून ठेवतात. हातांतल्या फोनचेंहि तसेंच आहे. आनंदीबाईंना उत्तरासाठीं महिने थांबावें लागे. आजच्या मुलाला आईचा चेहरा दोन क्षणांत दिसतो. त्यांतला दिलासा मोठा, पण रोज रात्रीं तासभर पवईच्या दिवाणखान्यांत बसणाऱ्याला खालच्या मजल्यावर कोण राहतें हें वर्षभर कळत नाहीं.

या बाबतींत उलट दिशेनें आलेल्या एका बाईंचें उदाहरण फार बोलकें आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेंत कॉर्नेल येथें शिकून परततांना लंडनमध्यें थांबले, आणि तेथें त्यांची ओळख एडिथ कोन या जर्मन ज्यू तरुणीशीं झाली. १९२० सालीं ती हिंदुस्थानांत आली आणि शीलवतीबाई केतकर झाली. केतकरांचा संसार ज्ञानकोशाच्या कर्जांत आणि कागदांत बुडालेला. सुखवस्तु असें त्यांत कांहीं नव्हतें. तरी बाई राहिल्या. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं केलें, आणि तें कलकत्ता विश्वविद्यालयानें १९२७ सालापासून प्रसिद्ध केलें. म्हणजे जी भाषा त्यांनीं मागें ठेवली तीच येथें त्यांच्या कामीं आली. त्यांच्यावांचून अडणारें एक काम त्यांना पुण्यांत सांपडलें. केतकर १९३७ सालीं वारले, पण त्या परत गेल्या नाहींत. त्यांच्या आत्मचरित्राचें नांव मराठींत आहे: 'मीच हें सांगितलें पाहिजे'.

नव्या शहरांत घर केव्हां वाटूं लागतें याचा दिवस सांगतां येत नाहीं, पण त्याची एक खूण सांगतां येते. कोणी तरी रस्ता विचारतें आणि तो सांगतां येतो. शेजारची म्हातारी चार दिवस दिसला नाहींस म्हणून विचारते. प्रयोगशाळेची किल्ली आपल्याकडे ठेवायला देतात. आपल्या येण्याजाण्याची नोंद घेणारें कोणी निर्माण झालें कीं, पाय टेकतात. त्यासाठीं थोडें आपणहून पुढें जावें लागतें, आणि खोली धुरानें भरत असेल तर तें कोणाला तरी वेळेवर सांगावेंहि लागतें. आपल्याकडचीं मुलें अभ्यासाच्या अडचणी सांगतात. थंडी, भूक आणि झोंप यांच्या अडचणी सांगावयाला लाजतात.

आनंदीबाईंच्या बाबतींत एक गोष्ट सांगावयाची राहिली. पुण्यांत दहन झाल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली. मावशींनीं ती न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवली आणि वर दगड उभा केला. विद्येसाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. कार्पेंटर मंडळींच्या आप्तांच्या दगडांमध्यें तो दगड अजून आहे, आणि मराठी माणसें तो पाहावयास जातात.